माहितीपटाला गुण द्या, पण आधी त्याची उलटतपासणी घ्या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या बऱ्याच कॉलेजांत आता मुलांना प्रकल्प म्हणून दहा-पंधरा मिनिटांचा माहितीपट करायला सांगतात. मोबाइल प्रत्येकाच्या हातात आहे, एडिटिंगची अॅप फुकट मिळतात. हे होणारच होते आणि झाले ते बरेच झाले. आमची तक्रार आहे ती गुण कशाला मिळतात याबद्दल. ड्रोनवरून राजहंसगड, मागे बासरी, वर भारदस्त आवाजातले निवेदन, शेवटी एखाद्या आजोबांचे पाणावलेले डोळे. एवढे जमले की पहिला नंबर ठरलेला. हे जुने फुटेज कुठून आणले, हा आकडा कोणत्या सालचा, या बाईंना प्रश्न कोणत्या भाषेत विचारला होता, हे विचारणारा परीक्षक क्वचितच भेटतो.

सीमाभागात हे चालून जाता कामा नये. १७ जानेवारी (सीमा हुतात्मा दिन), १ जून (कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातला गोळीबार), १ नोव्हेंबर (काळा दिन) या तारखा जवळ आल्या की एकाच घटनेच्या दोन भाषांतल्या दोन फिती फोनवर फिरू लागतात. दोन्ही बाजूंचे लोक आपापली फीत खरी मानून पुढे ढकलतात. मुलांना शिकवायचे ते इथेच: समोरच्याच्या फितीतले खोटे शोधणे कुणालाही जमते, पण आपल्याला पटलेली, आवडलेली फीत तपासायला घेतली की अभ्यास सुरू होतो. म्हणून वर्गात पहिला माहितीपट आपल्या बाजूचा घ्यावा, असे आमचे म्हणणे आहे.

फ्रेंच दिग्दर्शक क्रिस मार्कर यांच्या १९५७ च्या सायबेरियावरील माहितीपटात एक प्रसिद्ध तुकडा आहे. याकुत्स्क शहरातला रस्ता. बस जाते, मजूर रस्ता सपाट करतात, एक माणूस कॅमेऱ्याकडे बघत पुढे निघून जातो. मार्कर हीच दृश्ये पुन्हा पुन्हा दाखवतात, प्रत्येक वेळी वेगळ्या निवेदनासह. एकदा सोव्हिएत राजवटीचे कौतुक, एकदा तिची निंदा, एकदा दोन्ही टाळून केवळ वर्णन. चित्र तेच, पण बघणाऱ्याला तीन शहरे दिसतात. तटस्थ वर्णनातही ते शहर पुरते हाती लागत नाही, हा त्यातला खरा चिमटा.

हा प्रयोग बेळगावच्या बाजारात, गणपत गल्लीत करून बघण्यासारखा आहे. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून एका मिनिटाचा स्थिर शॉट घ्यावा. दुकानांच्या पाट्या, रिक्षा, खरेदीला आलेल्या बायका, जे येईल ते. मग एका गटाने पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकासाठी मराठीत निवेदन लिहावे, दुसऱ्याने बंगळूरच्या प्रेक्षकासाठी कन्नडमध्ये, तिसऱ्याने एकही विशेषण न वापरता. निवेदन ९० शब्दांच्या वर जाऊ देऊ नये. मराठीत सावकाश वाचले तर मिनिटाला तेवढेच बसतात आणि थोडी शांतताही लागते. अट एकच: खोटे वाक्य लिहायचे नाही, प्रत्येक वाक्य त्या चित्रात दाखवता आले पाहिजे. प्रयोग फसतो तो हीच अट मोडल्यामुळे. मुले धडाधड खोटे लिहितात, वर्ग हसतो आणि निष्कर्ष निघतो की लबाड निवेदकापासून सावध राहावे. प्रत्यक्षात संपूर्ण खऱ्या वाक्यांनी दोन परस्परविरुद्ध बेळगावे उभी राहतात, आणि ती ज्याने त्याने स्वतःच्या हाताने उभी केलेली असतात, म्हणून चर्चा रंगते.

पाठ्यपुस्तकांत रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा १९२२ चा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हमखास असतो. त्यातले बर्फाचे घर चित्रीकरणासाठी अर्धेच बांधले होते, कारण त्या काळचा कॅमेरा आत मावत नव्हता आणि उजेडही पुरत नव्हता. नायकाचे खरे नाव नानूक नव्हते, पडद्यावरचे कुटुंब त्याचे स्वतःचे नव्हते. बंदुका वापरू लागलेल्या लोकांना त्यात भाल्याने वॉलरस मारायला लावले. एवढे सांगितले की मुले ‘मग सगळेच खोटे’ म्हणून मोकळी होतात. शिक्षकाने तिथे त्यांना थांबवावे. अर्धे घर ही यंत्राची अडचण होती. आतल्या माणसांचे उठणे-बसणे त्यामुळे खोटे होत नाही. बंदूक लपवणे मात्र काळाबद्दलचे असत्य आहे, कारण हे लोक जगापासून अस्पर्श आहेत असे ते सांगते. पुन्हा घडवून आणलेला प्रत्येक प्रसंग सारखा गुन्हा नसतो. त्यामुळे प्रेक्षकाची कशाबद्दल समजूत बदलते, ते बघायचे.

यापेक्षा जवळचे उदाहरण आपल्या निपाणीत आहे आणि ते किती जणांना ठाऊक असेल, शंका वाटते. १९८० मध्ये बंगळूरमध्ये स्थापन झालेल्या ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने, ज्यात दीपा धनराज होत्या, १९८२ मध्ये निपाणीच्या तंबाखू कारखान्यांतल्या कामगार बायकांवर १६ मिलिमीटर फिल्मवर माहितीपट केला. गट काही महिने या बायकांबरोबर राहिला. कारखान्यात काय दाखवायचे, संघटना कशी उभी राहिली, हे बायकांनीच त्यांना समजावून दिले. यात मालकाची बाजू कुठे आहे, असा प्रश्न वर्गात कुणीतरी विचारतोच. विचारावाच. पण हा माहितीपट बायकांच्या बाजूने उभा आहे हे लपवत नाही, आणि आपण कुठून बोलतो हे सांगणारा चित्रपट तपासायला सोपा असतो. कठीण जातो तो ‘मी कुणाच्याच बाजूचा नाही’ म्हणणारा.

आता त्याच गावातली त्याच पिकाची दुसरी गोष्ट शेजारी ठेवा. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकरी मारले गेले. ती गोष्ट शेतकऱ्याच्या बांधावरून सांगितली तर व्यापारी समोर दिसतो, कारखान्यात तंबाखूच्या धुळीत काम करणारी बाई दिसत नाही. कारखान्यातून सांगितली तर बाई दिसते, बांधावरचा कर्जबाजारी शेतकरी दिसत नाही. दोन्ही खऱ्या. निपाणीच्या एखाद्या कॉलेजने या दोन गोष्टी एकाच प्रकल्पात घेतल्या तर ‘माहितीपट आणि समाज’ या धड्यासाठी परदेशी उदाहरण लागणार नाही. एक बोचरी गोष्ट सांगून ठेवतो: या निपाणीच्या माहितीपटाची जुनी प्रत दुरुस्त करून जपली ती बर्लिनच्या आर्सेनाल या संस्थेने.

माहितीपट बघण्याची पद्धत काय, असे विचारणाऱ्या शिक्षकांसाठी थोडे तपशिलात. पहिल्यांदा सरळ बघावा, हातात पेन न घेता. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ फिरवून, नुसता ऐकावा. मग शॉटची नोंदवही घालावी: अनुक्रम, सुरुवात-शेवटची वेळ, दृश्य जवळचे की लांबचे, कोण बोलते, आवाज जागेवरचा की नंतर घातलेला, फुटेज नवे की जुने, आणि शेवटचा रकाना ‘शंका’. दहा मिनिटांच्या माहितीपटात शंभराच्या आसपास शॉट सहज निघतात आणि पूर्ण नोंदीला चार-पाच तास जातात. दोन तासांत झाली म्हणणाऱ्याची वही उघडली तर शंकेचा रकाना कोरा असतो.

मुलाखतींत विशेष काय पाहायचे, तर माणूस बोलत असताना मध्येच त्याच्या हातांचा, भिंतीवरच्या तसबिरीचा किंवा अंगणातल्या तुळशीचा शॉट का येतो ते. बहुतेक वेळा त्या जागी वाक्य कापलेले असते आणि कट झाकायला तो शॉट टाकलेला असतो. अशा ठिकाणी डोळे मिटून ऐकावे. श्वास घेतल्याचा आवाज गायब होतो, स्वर एकदम चढतो किंवा उतरतो, मागचा पंखा क्षणभर तुटतो. कापणे वाईट नव्हे, तासाभराची मुलाखत दोन मिनिटांत आणायची तर कापावेच लागते. पण ‘आमचा विरोध नव्हता, फक्त...’ या वाक्याचा ‘फक्त’च्या पुढचा भाग गेला असेल तर अर्थ फिरला. मूळ रेकॉर्डिंग मागायची सवय परीक्षकांनी लावावी. न कापलेली मुलाखत आणि तयार माहितीपट एकत्र जमा केल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत, एवढा एक नियम केला तरी निम्मे काम होईल.

आवाजाबद्दल आणखी एक. गर्दीच्या घोषणा पुष्कळदा दुसऱ्याच गर्दीच्या असतात. कॅमेरा लांबून झूम करतो तेव्हा चित्र जवळ येते, आवाज येत नाही. मग तो कुठूनतरी आणून बसवतात. घोषणा देणाऱ्यांचे ओठ आणि ऐकू येणारे शब्द जुळतात का, हे आवाज बंद करून पाहिले की कळते. फीत सुरू कुठे होते हेही तितकेच महत्त्वाचे. जुलै २०१४ मध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूर गावातला ‘महाराष्ट्र राज्य’ फलक काढला, त्यानंतर लाठीमार झाला. अशा प्रसंगाची फीत दगडापासून सुरू केली तर एक गोष्ट, काठीपासून सुरू केली तर दुसरी. पहिल्या फ्रेमच्या आधी काय घडत होते, हा प्रश्न शंकेच्या रकान्यात पहिला लिहावा.

जुन्या फुटेजची आणि फोटोंची तारीख ठरवताना आपल्या भागात काही खुणा फार उपयोगी पडतात. गाडीची पाटी घ्या. ‘केए २२’ बेळगावची, ‘केए २३’ चिकोडीची. पण ‘केए’ ही अक्षरे मुळात नव्या मोटार वाहन कायद्यानंतर, म्हणजे १९८९ नंतर आली. कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाचे, १ जून १९८६ च्या गोळीबाराचे म्हणून दाखवलेल्या चित्रात ‘केए २२’ दिसली तर ते चित्र त्या दिवसाचे नाही, वाद मिटला. एसटीवर ‘वायव्य कर्नाटक’ परिवहनाचे नाव असेल तर १९९७ नंतरचे. मागे सुवर्णसौध, म्हणजे बेळगावचे विधानभवन, असेल तर उघडच अलीकडचे, तिचे उद्घाटन २०१२ चे. इंग्रजी सरकारी पाटीवर ‘बेलगाम’ जाऊन ‘बेळगावी’ आले असेल तर नामांतर १ नोव्हेंबर २०१४ चे आहे. मात्र कन्नड पाटीवर ही खूण लावू नका. कन्नडमध्ये ‘बेळगावी’ आधीपासूनच लिहीत.

शेतीही तारीख सांगते. काळ्या दिनाच्या फेरीमागे खानापूरकडची भाताची शेते चिखलात नुकती लावलेली दिसत असतील तर ते दृश्य जुलैचे, नोव्हेंबरचे नव्हे; नोव्हेंबरात तिथे कापणी-मळणी चालू असते. निपाणीच्या माळावर तंबाखूची तोड दिसली तर थंडी सरत आलेली. या सगळ्या खुणांची मर्यादा एकच: ‘याच्या आधीचे नाही’ किंवा ‘या महिन्यातले नाही’ एवढेच त्या सांगतात, ‘याच दिवसाचे’ असे कधीच नाही. कृष्णधवल आहे म्हणून जुने, हा तर निव्वळ भाबडेपणा. एका बटणाने कालचे चित्र कृष्णधवल होते.

आकड्यांचेही तसेच. सीमाप्रश्नावरच्या माहितीपटात मराठी भाषकांची टक्केवारी आली की तीन गोष्टी विचाराव्यात: जनगणना कोणत्या वर्षाची, आकडा शहराचा की तालुक्याचा की जिल्ह्याचा, आणि मोजली ती मातृभाषा की बोलता येणाऱ्या भाषा. शहरावरून जिल्ह्यावर उडी मारली की टक्केवारी पार बदलते, आणि दोन्ही बाजूंचे निवेदक ही उडी बेमालूम मारतात. सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाचे बघा. १९६७ च्या अहवालाने बेळगाव शहर कर्नाटकात ठेवायला सांगितले, निपाणीसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यायला सांगितली आणि महाराष्ट्रातली २४७ गावे कर्नाटकाला. एका बाजूचा माहितीपट पहिले वाक्य सांगून थांबतो, दुसऱ्या बाजूचा आयोग पक्षपाती होता एवढेच सांगून पुढे जातो. आयोग मान्य असो-नसो, तिन्ही शिफारशी पडद्यावर आल्या पाहिजेत. ज्याला त्यावर टीका करायची आहे त्याने तिन्ही दाखवून करावी. मराठी बाजू त्यामुळे लंगडी पडत नाही.

आता माहितीपट करणाऱ्यांसाठी. प्रश्न कसा विचारता यावर अर्धे सत्य ठरते. ‘कन्नडसक्तीमुळे तुम्हाला किती त्रास झाला?’ या प्रश्नाला एकच उत्तर येते, ते विचारणाऱ्याने आधीच लिहिलेले असते. त्याऐवजी ‘मुलाचे नाव कोणत्या शाळेत घातले? ते कसे ठरले? घरात कोण काय म्हणाले?’ असे विचारावे. मग बस, फी, नोकरी, मामाचा आग्रह, शिक्षकांची संख्या, सगळे बाहेर येते, आणि सक्तीचा त्रास असेल तर तोही नेमक्या जागी दिसतो. उत्तर संपले असे वाटले तरी पाच सेकंद गप्प राहावे. घाई करणारा पुढचा प्रश्न टाकतो आणि खरे वाक्य हुकते.

संमतीपत्र समोरच्याला वाचता येते त्या भाषेत हवे, दोन प्रतींत, एक त्यांच्याकडे. वाचता येत नसेल तर वाचून दाखवावे आणि होकार कॅमेऱ्यावर घ्यावा. माहितीपट कुठे दाखवणार, इंटरनेटवर टाकणार का, आणि अमुक तारखेपर्यंत माघार घेता येईल, हे त्यात स्पष्ट असावे. आपल्याकडे सरकारी नोकर, अंगणवाडी सेविका, परवान्यावर दुकान चालवणारा, यांचे भाषेबद्दलचे एक वाक्य त्यांना महागात पडू शकते. कॅमेऱ्यासमोर माणूस भरात बोलतो, घरी गेल्यावर त्याला घाम फुटतो. चेहरा धूसर केला की काम झाले, असे समजू नये. गावात बांगड्यांवरून, आवाजावरून, दारावरच्या रंगावरून माणूस ओळखू येतो. यंत्राने आवाज बदलला तरी तो बदल उलटवून पुष्कळदा मूळ आवाज काढता येतो. त्यापेक्षा दुसऱ्याच्या आवाजात ते शब्द वाचून घ्यावेत आणि तसे पडद्यावर लिहावे.

रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जुळणी, झाल्यावर तो बोललेल्या माणसांना दाखवावा. जाँ रूश आणि एदगार मोरँ यांनी पॅरिसमध्ये केलेल्या, १९६१ मध्ये आलेल्या माहितीपटाच्या शेवटी हेच केले आहे: ज्यांचे चित्रण केले त्यांना ते दाखवून त्यांची मते चित्रपटातच घेतली. कुणाला काही प्रसंग कृत्रिम वाटले, कुणाला नको इतके उघडे. ते सगळे त्यांनी ठेवले. आपल्याकडे गावच्या देवळाच्या सभामंडपात प्रोजेक्टर लावून हे करणे पॅरिसपेक्षा सोपे आहे. गर्दी होईल, भांडणही होईल. ते रेकॉर्ड करा.

सबटायटलचा मुद्दा आपल्याच भागाचा आहे. बाजारातली बाई एका वाक्यात मराठी, कन्नड आणि हिंदी बोलते. ते सगळे शुद्ध मराठीत खाली लिहिले की ती ‘निव्वळ मराठी’ होते. कन्नड वाहिनीवर तीच बाई ‘निव्वळ कन्नड’ होते. मराठी बोलणे पांढऱ्या अक्षरांत, कन्नड पिवळ्या, एवढी साधी सोय केली तरी प्रेक्षकाला खरे बोलणे दिसते. कन्नड मजकुराचे भाषांतर कन्नड मातृभाषा असलेल्या माणसाकडून तपासून घ्यावे, ‘मला कळते’ म्हणणाऱ्या मित्राकडून नव्हे. सबटायटल दोन ओळींपेक्षा जास्त नको, पडद्यावर किमान दीड सेकंद आणि सहा सेकंदांपर्यंत. काही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे फुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्या बाजूला जाते. फाइल बाहेर काढण्याआधी ‘विद्यार्थ्यांनी’ हा एक शब्द टाइप करून पाहावा.

यंत्राचे थोडक्यात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून मोबाइल २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेवावे. नाहीतर जुन्या ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते. मोबाइलचा फ्रेम-वेग स्वतःहून कमी-जास्त होतो, त्यामुळे लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू सुटतात; एडिटिंगआधी फाइल स्थिर वेगाची करून घ्यावी. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर. मुलाखत संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून त्याच खोलीचा मिनिटभर रिकामा आवाज रेकॉर्ड करावा; कट सांधायला तोच लागतो. आणि तो नंतर कुठे वापरला हेही नोंदवहीत लिहावे, कारण शांतताही जोडता येते.

शेवटी एक विनंती, वाचकांना. सीमा चळवळीच्या फेऱ्या, संमेलने, गल्लीतले गणपती, शाळांची स्नेहसंमेलने यांच्या व्हीएचएस कॅसेट या भागात घरोघरी माळ्यावर पडून आहेत. बेळगावच्या पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते. कॅसेट आडव्या न रचता पुस्तकासारख्या उभ्या, कोरड्या कपाटात ठेवाव्यात. प्रत्येकीवर चित्रीकरण कुणी केले, साधारण साल, गाव, कोण दिसते आणि ही माहिती कुणी सांगितली, हे पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून खोक्यात ठेवावे. अंदाज असेल तर ‘अंदाजे’ लिहावे. कॉलेजांच्या ग्रंथालयांनी आणि वाचनालयांनी त्यांच्या डिजिटल प्रती करून घ्याव्यात, पण मूळ कॅसेट फेकून देऊ नये. प्रत करताना कुणी काय कापले हे मूळ असल्याशिवाय सिद्ध करता येत नाही. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून रिळावर पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट आधी साफ करून घ्यावी, तशीच चालू यंत्रात घालू नये. बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि त्याच यंत्रात नंतर घातलेल्या चांगल्या कॅसेटलाही.

कळावे,
आपले,
माहितीपट शिकवणारे काही शिक्षक
बेळगाव, खानापूर, निपाणी